पटाशीच्या दातावरची खाच

"डॉक्टर, हात कोरडे आहेत ना? मग घ्या," असं म्हणून बापटबाईंनी माझ्या तळहातावर एक जबडा ठेवला.

वरचा जबडा होता. पुढचे चारही दात जागेवर, एका बाजूची दाढ पडलेली. तीन हजार वर्षं मातीत राहिलेली वस्तू हातात घेताना माणसाला काहीतरी वाटायला हवं, म्हणून मी वाट बघितली. पण मला फक्त जबडा हातातून निसटू नये एवढीच काळजी वाटत होती.

सांगवखेडच्या पांढरीवर आम्ही उभे होतो. पांढरी म्हणजे गोदावरीच्या काठावरचं जुन्या वस्तीचं टेकाड. गावातल्या बाया पिढ्यान् पिढ्या तिथली भुसभुशीत माती घर सारवायला न्यायच्या. त्या हिवाळ्यात पुण्याहून संशोधकांची तुकडी आली, दोऱ्या बांधून चौकोन आखले, आणि सारवणाच्या मातीखालून घरांच्या जमिनी, चुली, रांजण आणि माणसं निघायला लागली.

डॉक्टर इंदुमती बापट हाडांच्या जाणकार. वय पन्नाशीचं, डोक्यावर पंचा, पायात पुरुषी बूट. भाकरीतल्या खड्यानं त्यांची दाढ तुटली, म्हणून त्या माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. १९८६ साल होतं ते. तालुक्याच्या गावात मी दवाखाना टाकून सहा महिने झाले होते आणि दिवसाला दोन-तीन रोगी आले तरी मी खूश असायचो. दाढ भरून घेतल्यावर बाई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "आता माझ्याकडचा एक रोगी तुम्ही बघायचा. शुक्रवारी या."

म्हणून मी आलो होतो.

"ही बाई आहे," बापटबाई सांगत होत्या. "कमरेच्या हाडावरून ते नक्की कळतं. वय पस्तीसच्या आसपास. आता इथं बघा, दातांवर आडव्या रेघा दिसतात? दात घडत असताना शरीराला मोठा धक्का बसला की अशी रेघ राहते. ही चारेक वर्षांची असताना एक तर मोठं दुखणं आलं, नाहीतर त्या वर्षी खायला नव्हतं. पण वाचली. पुढं तीस वर्षं जगली."

"एवढं सगळं दातावरून?"

"तुम्ही दातांचे डॉक्टर आणि मलाच विचारता?" त्या हसल्या. मग भिंग माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे सगळं मला कळतं. कळत नाही ते तुम्हाला दाखवायला बोलावलंय. तिच्या डाव्या बाजूचा पटाशीचा दात बघा. धारेवर."

मी भिंग धरलं. दाताच्या धारेवर दोन बारीक खाचा होत्या. शेजारी शेजारी, दोन्ही एकाच बाजूला कललेल्या. तुटल्यासारख्या नाहीत, किडल्यासारख्या नाहीत. आतून गुळगुळीत, चकाकणाऱ्या.

मी बराच वेळ बघत राहिलो.

"काय वाटतं?"

"मुद्दाम घासले असतील," मी म्हणालो. "शोभेसाठी. काही लोकांत दात घासून घ्यायची रीत असते, असं वाचलंय."

"एकाच दातावर?"

"असेल एखादी रीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं समाधान झालं नव्हतं. पण वही काढून त्यांनी लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं: "स्थानिक दंतवैद्य डॉक्टर साटोटे यांच्या मते खाचा मुद्दाम घासून केलेल्या." मग म्हणाल्या, "उद्या आम्ही हाडं पेटीत भरतोय. सोमवारी मला पुण्यात अहवाल द्यायचाय. तुमचं नाव घालीन त्यात."

मी मान डोलावली आणि लुना सुरू करून निघालो.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर बसली होती. मांडीवर जाळं, उजव्या हातात बांबूची सुई, आणि दोऱ्याचं टोक पटाशीच्या दातांत. गाठ मारायची, टोक दातांत धरून उजव्या हातानं कचकन ओढायचं, मग पुढची गाठ. मला आठवतंय तेव्हापासून ती अशीच बसलेली. आता नायलॉन आलं, पण तिच्या तरुणपणी दोरासुद्धा घरचाच असे. अंबाडीचा धागा थुंकीनं ओला करायचा, दातांतून ओढून सारखा करायचा आणि मांडीवर वळायचा. चाळीस वर्षांत त्या दोऱ्यानं तिच्या उजव्या पटाशीवर दोन खाचा पाडल्या होत्या.

पांढरीवर भिंगातून बघताक्षणी मी त्या ओळखल्या होत्या.

मग बोललो का नाही? त्याचं कारण माझ्या दवाखान्याच्या कपाटात, कापसात गुंडाळून ठेवलं होतं. नाशिकहून करून आणलेल्या दोन टोप्या, आईच्या पुढच्या दोन दातांवर बसवायच्या; एकाच दातावर बसवली असती तर वेगळी दिसली असती. रविवारी मुलीकडचे लोक आमचं घर बघायला येणार होते. मुलीचे वडील पाटबंधारे खात्यात इंजिनीयर. आमच्याच भोई समाजातले, पण त्यांच्या घरातून जाळं जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. त्यांच्या दिवाणखान्यात मी सोफ्यावर बसून आलो होतो आणि तिथून परतल्यापासून मला आमच्या घरात काय काय दिसायला नको, याचीच यादी डोक्यात चालू होती. जाळी मागच्या पडवीत टाकायची. मासळीची टोपली थोरल्या भावाकडं न्यायची. आणि आईचे दात.

टोपी बसवायची तर आतला दात चारी बाजूंनी घासून बारीक करावा लागतो. एकदा घासला की घासला. आईला मी सांगितलं होतं, "तुझे दात झिजलेत, पुढं दुखतील, म्हणून करतोय." तिनं काही विचारलं नव्हतं.

"आलास व्हय," आई दोरा दातांतून काढत म्हणाली. "उद्या किती वाजता बसायचं तुझ्या खुर्चीत?"

"दहाला ये."

"दुखंल का रं?"

"सुई देईन. कळणारसुद्धा नाही."

तिनं दोन गाठी मारल्या. मग म्हणाली, "आन् मंग दोरा धरता यील का?"

"आता कशाला धरायचाय दोरा? दादाला तयार जाळं मिळतं बाजारात."

आईनं विषय बदलला. "पांढरीत कोण घावलं म्हनं?"

"एक बाई."

"काय करायची ती?"

"मला काय माहीत!" मी जरा चढ्या आवाजात म्हणालो आणि आत गेलो.

जेवताना मी दोनदा पाणी मागितलं आणि दोन्ही वेळा ते समोरच होतं.

शनिवारी दहाच्या ठोक्याला आई दवाखान्यात हजर. धुवट लुगडं, डोक्यावर पदर, हातात तिची कापडी पिशवी. खुर्चीत बसताना तिनं आधी चपला काढून बाजूला नीट ठेवल्या, देवळात जाताना ठेवतात तशा. मी गळ्याभोवती फडकं बांधलं, दिवा ओढून घेतला आणि म्हणालो, "आ कर."

तिनं तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले.

त्या दिव्याच्या उजेडात आईचे दात मी तोवर कधी पाहिलेच नव्हते. घरी बघायचो ते लांबून, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांनी. आता आरसा आत घातला, वाकलो, आणि डॉक्टर म्हणून बघितलं. दोन खाचा, शेजारी शेजारी, कललेल्या, आतून काचेसारख्या गुळगुळीत. वर आडव्या रेघासुद्धा होत्या, हिरडीजवळ. तिलाही लहानपणी काहीतरी झालं असणार. मी कधी विचारलं नव्हतं.

सुईचं औषध भरून ठेवलं होतं. मी घासायचं यंत्र हातात घेतलं, पायानं बटण दाबलं. ते किंचाळायला लागलं. आईच्या बोटांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. अजून सुई दिली नव्हती, नुसतंच यंत्र चालू केलं होतं. का ते मलाच ठाऊक नाही. बहुतेक आवाज ऐकून माझा धीर होतो का, ते मी बघत होतो.

मी पाय उचलला. आवाज बंद झाला.

"झालं?" आईनं डोळे न उघडताच विचारलं.

"आई, एक विचारू? लहानपणी तू कधी फार आजारी पडली होतीस?"

तिनं डोळे उघडले. "मला देवी आल्या व्हत्या. चार-पाच वर्सांची आसंन. बापानं खड्डासुदिक खंदून ठिवला व्हता म्हनं. का रं?"

मी तिच्या गळ्यातलं फडकं सोडलं.

"चपला घाल. आपल्याला पांढरीवर जायचंय."

"आन् दात?"

"तू चल तर."

लुनाच्या मागं बसून आई सात मैल आली. एका हातानं मला धरून, दुसऱ्या हातानं पिशवी पोटाशी. पोचलो तेव्हा पेट्या भरणं चालू होतं. बापटबाई मांडी घालून बसल्या होत्या आणि एकेक हाड कागदात गुंडाळून त्यावर आकडे टाकत होत्या.

"या डॉक्टर. निरोप घ्यायला आलात?"

"बाई, काल मी तुम्हाला सांगितलं ते बरोबर नव्हतं."

"असं होतं. पुस्तक बघितलंत वाटतं रात्री? चूक सुधारता येते."

"चूक नाही. खोटं सांगितलं."

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

"ही माझी आई. मथुराबाई," मी म्हणालो. "आई, बाईंना तुझे दात दाखव."

आईनं आधी माझ्याकडं, मग बाईंकडं पाहिलं. रविवारसाठी जे झाकायचं ते शनिवारी चारचौघांत उघडं करायला मुलगा सांगतोय, हे तिला कसं वाटलं असेल देव जाणे. पण ती खाली बसली, पदर मागं सारला आणि तोंड उघडलं.

बापटबाई भिंग घेऊन गुडघ्यांवर आल्या. एकदा आईच्या दाताकडं, एकदा जबड्याकडं. पुन्हा आईकडं. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, "मथुराबाई, हे कशानं झालं हो?"

"दोऱ्यानं," आई म्हणाली. "जाळं इनते मी."

"दाखवाल?"

आईच्या पिशवीत जाळं असायचंच. कुठंही दोन घटका मोकळ्या मिळाल्या की ती काढून बसायची. तिनं सुई काढली, दोऱ्याचं टोक दातांत धरलं आणि कचकन गाठ ओढली. एक. दुसरी. तिसरी. पेट्या भरणारी पोरं काम टाकून भोवती जमली.

"तीन महिने," बापटबाई म्हणाल्या, "तीन महिने आम्ही इथं टोपल्यांनी माशांचे काटे उचलतोय. एवढे मासे यांनी धरले कशानं, ते कळेना. गळ सापडला नाही. दोरा, जाळं तर मातीत राहतच नाही, कुजून जातं. आणि जाळं होतं इथं, हिच्या दातात!"

आईला त्यातलं निम्मंच कळलं असावं. तिचं लक्ष जबड्याकडं होतं. "ही का ती?"

"हीच. घ्या हातात."

आईनं पदरानं हात पुसले आणि जबडा घेतला. तिनं तो उजेडाकडं धरला, बोटाच्या टोकानं खाच चाचपली, मग आपल्या दाताची चाचपली. पुन्हा त्या दाताची.

"हिची डावीकडं हाय."

"हो, डाव्या दातावर आहे."

"माजी उजवीकडं हाय. म्या उजव्या हातानं वढती." तिनं दोरा दातात धरून दाखवला, आधी उजव्या हातानं, मग अवघडत डाव्या हातानं. "ही डावखुरी व्हती, बाई."

बापटबाईंनी वही ओढली, मागची पानं भराभरा उलटली आणि एका पानावर बोट ठेवून वही माझ्यासमोर धरली. तीन आठवड्यांपूर्वीची तारीख होती. लिहिलं होतं: "डाव्या दंडाचं हाड उजव्यापेक्षा स्पष्ट जाड. स्नायूंच्या खुणा डावीकडे ठळक. कारण?"

"हे मी अजून कुणाला बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. "मथुराबाई, तुम्ही दातावरून हात ओळखलात."

"त्यात काय," आई म्हणाली. "आमच्या सासूबाई डावखुऱ्याच व्हत्या. त्यांचीबी खाच तिकडंच व्हती."

मग तिला सगळंच बघायचं होतं. बापटबाईंनी तिला खड्ड्याशी नेलं, ती बाई कशी निजवली होती, डोकं कुठं, हात कुठं, ते दाखवलं. घराच्या जमिनीखालीच पुरली होती.

"आन् पाय?"

"पाय घोट्यापासून तोडलेले आहेत. मेल्यावर. इथं मोठ्या माणसांचे तसे करत. का करत ते नक्की कुणाला ठाऊक नाही. भूत होऊन भटकू नये, अशी भीती असेल."

आई खड्ड्याकडं बघत राहिली. "भ्या वाटत आसतं तर लांब नदीवर न्हेली आसती की. घरातच ठिवली ना? मंग तिनं घर सोडून जाऊ नये, म्हनून आसंल."

बापटबाईंनी तेही लिहून घेतलं.

"मेली कशानं?"

"ते हाडांवर दिसत नाही. सगळंच दिसत नाही, मथुराबाई."

आई "हं" म्हणाली. बऱ्याच वेळानं तिनं जबडा बाईंच्या हातात परत दिला. त्यांनी तो कापसात ठेवला, कागदात गुंडाळला. मग वहीतली माझ्या नावाची ओळ आडव्या रेघेनं खोडली.

"माहिती देणाऱ्याचं पूर्ण नाव लागेल," त्या मला म्हणाल्या.

"मथुराबाई लहानू साटोटे."

"व्यवसाय?"

पोरं अजून भोवती उभी होती. सांगवखेडमधली ओळखीची दोन माणसंही होती. "जाळी विणणं," मी म्हणालो. "आम्ही भोई. नदीवरचे."

परत येताना लुनावर आई माझ्या कानाशी म्हणाली, "दवाखान्यात थांबायचं का? तुजं काम ऱ्हायलंय."

"काही राहिलं नाही."

"उद्याची मानसं काय म्हनतील?"

"म्हणू दे."

मग माझ्या पाठीला तिचं हसणं जाणवलं. आवाज नव्हता, नुसते धक्के बसत होते.

रविवारी पाहुणे आले. जाळं ओट्यावरच होतं. ते हलवायचं माझ्या लक्षात राहिलं नाही असं सांगता येईल, पण ते खरं नाही. इंजिनीयरसाहेब चहा घेत धरणाबद्दल बोलत होते. त्यांच्या पत्नी आईच्या तोंडाकडं बघत होत्या आणि बघतोय हे कळू नये म्हणून बशीकडं बघत होत्या. आईला ते कळलं. तिनं बशी खाली ठेवली आणि पांढरीतल्या बाईची गोष्ट सुरू केली. देवी आल्यापासून खाचेपर्यंत, डाव्या हातापासून घोट्यापर्यंत. मध्येच स्वतःच्या दातावर बोट ठेवून दाखवायची. देवी त्या बाईला आल्या असं कुणी म्हटलं नव्हतं, ते तिनं आपल्या पदरचं घातलं. धरणाचा विषय जो थांबला तो पुन्हा निघाला नाही.

गोष्ट संपल्यावर मुलगी, वैजयंती, उठून ओट्यावर गेली. जाळं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "गाठ कशी मारायची, दाखवता?"

तिची आई म्हणाली, "अगं, साडी!"

इंजिनीयरसाहेब मात्र खुर्चीत जरा पुढं सरकले. "माझी आजी अशीच बसायची," ते म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. पुढच्या वैशाखात आमचं लग्न झालं. वैजयंतीला जाळं विणता आलं नाही ते नाहीच. चार गाठी मारल्या की पाचवी सुटायची. आई म्हणायची, "ऱ्हाऊ दे, दात खराब करून घेशील."

बापटबाईंचा लेख दोन वर्षांनी आला. टपालानं जाडजूड पाकीट, आत इंग्रजी मासिक, पान उघडायचं तिथं कागदाची खूण. मी ओट्यावर आईजवळ बसलो आणि मराठी करून सांगायला लागलो. तळटिपेत तिचं पूर्ण नाव होतं, व्यवसाय होता, गाव होतं. मी ते बोटानं दाखवलं आणि मोठ्यानं वाचलं.

"माजं मला ठावं हाय," आई म्हणाली. "तिचं वाच."

मी पान मागं उलटलं. "स्त्री. वय पस्तीसच्या आसपास. चार वर्षांची असताना मोठं दुखणं किंवा उपासमार, त्यातून बरी झाली. डावखुरी. मासेमारीची जाळी विणत असे."

आईनं सुई थांबवून ऐकलं. मान हलवली. "बरुबर लिवलंय. आन् फुडं?"

"पुढं दुसऱ्याचं आहे. एक बाप्या, पन्नाशीचा. गुडघे झिजलेले."

"मंग थांबलास का?" असं म्हणून तिनं दोरा दातांत धरला आणि मी वाचायला लागलो.